नॉन-स्ट्रायकर पुढे सरकतोय: समज द्यायची की बेल्स उडवायच्या?

मोसम सुरू होण्याआधी हे गोलंदाजांशी एकदा बोलून घ्यावंच लागतं. चेंडू सुटायच्या आत नॉन-स्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला फलंदाज, रेषा सोडून निघाला, तर काय करायचं: नुसती समज द्यायची की यष्टींवरच्या बेल्स उडवून त्याला धावचीत करायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

समज देणाऱ्याला मान मिळतो, हे खरं. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्शने पाकिस्तानच्या सलीम जाफरला बाद न करता नुसती समज दिली. वेस्ट इंडीज एका गड्याने हरलं, पण वॉल्शचं नाव आजही आदराने घेतात. उलट भारताच्या विनू मांकड यांनी १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला आधी एका दौरा सामन्यात समज दिली होती. तरी सिडनी कसोटीत त्याला धावचीत केल्यावर या प्रकाराला 'मांकडिंग' असं नाव चिकटलं ते मांकड यांचंच, रेषा सोडणाऱ्या ब्राऊनचं नाही. ब्राऊनचेच कर्णधार ब्रॅडमन यांनी मात्र मांकड यांचीच बाजू घेतली होती.

माझं मत बदललं ते एका शेवटच्या षटकात. नॉन-स्ट्रायकर हातभर पुढे होता. मी थांबलो, रेषा दाखवली, त्याने मान डोलावली. शेवटच्या चेंडूवर त्यांना दोन हव्या होत्या आणि हा पुन्हा तितकाच पुढे. मला दिसलं, तरी दुसऱ्यांदा थांबायचा संकोच वाटला. दुसऱ्या धावेला थ्रो माझ्याच हातात आला. मी बेल्स उडवल्या तेव्हा त्याची बॅट वीतभर आत होती. आधी हातभर चोरलं होतं, म्हणून वीतभराने वाचला. समज देऊन मी फक्त माझ्या संघाचं नुकसान केलं, असं मला अजून वाटतं.

अर्थात ज्याच्या मनाला पटत नाही, त्याने करू नये, जबरदस्ती नको. पण ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटच्या नियमांत हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून सरळ धावचीतच्या कलमात टाकलाय. त्याच्या आठवडाभर आधी लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्माने ४७ वर खेळणाऱ्या इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच बाद केलं, आणि माझ्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र मीही करू देत नाही: हात फिरवून झाल्यावर चेंडू हातातच ठेवून फलंदाज निघायची वाट बघणं. चेंडू सुटायला हवा होता तो क्षण उलटला की नियमानेही तो बाद नसतो.

हल्ली टॉसलाच समोरच्या कर्णधाराला सांगून ठेवतो की मैदानात वेगळी समज मिळणार नाही. तेव्हापासून बेल्स उडवायची वेळ क्वचितच आलीय.