पाइप बेंडर: रॅमचा घ्यावा की फिरत्या डायचा बांधावा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे फॅब्रिकेशन शेड चालवणाऱ्याला पाइप बेंडरची गरज सहसा एखाद्या ऑर्डरीमुळे जाणवते. ट्रॅक्टरच्या छताची चौकट असते, जिन्याचे स्टेनलेसचे रेलिंग असते, नाहीतर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेतल्या गाडीसाठी रोल केज, म्हणजे चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, हवा असतो. अशा वेळी दुकानात गेले किंवा ओळखीच्या मिस्त्रीला विचारले, तर पहिला प्रश्न येतो तो "किती टनाचा पाहिजे?" हा. माझ्या मते निर्णय इथेच आडवाटेला लागतो. या यंत्रात जोर ही सर्वांत स्वस्त मिळणारी गोष्ट आहे; महाग पडते ती वाकताना पाइपला बाजूंनी धरून ठेवणारी डाय, आणि तुलना करायची ती तिच्याच आधारे करावी.

आधी जोराचा हिशेब उरकून घेऊ. २५ एनबीचा (नॉमिनल बोअर, म्हणजे पाइपाचे नावापुरते माप), बोलीत एक इंची, मीडियम क्लासचा काळा पाइप घेतला तर बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिमी आणि जाडी ३.२ मिमी असते. वाकताना पोलाद थोडे कठीण होत जाते हे लक्षात घेऊन त्याची ताकद ३५० मेगापास्कल मानली, तर या पाइपाला कायमचा बाक आणण्यासाठी साधारण १०५० न्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले आर्मची लांबी, लागतो. फिरत्या डायच्या यंत्रात २५० मिमी लांबीच्या आर्मवर, म्हणजे डाय फिरवणाऱ्या दांड्यावर, तो द्यायला सुमारे ४३० किलोचा जोर पुरतो आणि घर्षणासाठी दुप्पट धरला तरी आकडा टनाच्या आतच राहतो. सव्वा इंची पाइपाला याच पद्धतीने दीड टनापर्यंत जोर लागेल. म्हणजे गॅरेजमध्ये पडून असलेला आठ टनी बॉटल जॅकसुद्धा या कामाला भरपूर झाला. रॅमच्या यंत्रासारखे दोन रोलरांमध्ये ३०० मिमी अंतर ठेवून त्याच एक इंची पाइपाला मध्यभागी दाबायचे असेल, तर सुरुवातीला सुमारे १.४ टन लागतात आणि कोन वाढत जाईल तसा जोरही वाढतो. पण बारा टनांच्या जवळपासही तो जात नाही. बारा टनी यंत्र असते ते दोन इंची पाइपासाठी.

आता या दोन पद्धतींत खरा फरक काय, ते पाहू. रॅमच्या बेंडरमध्ये पाइप दोन रोलरांवर टेकलेला असतो आणि सिलिंडरच्या टोकावरचा अर्धगोल खाचेचा फॉर्मर त्याला मधून पुढे ढकलतो. पाइपाला आधार मिळतो तो फक्त आतल्या बाजूने. बाहेरची बाजू मोकळी असते. तिच्यावर ताण आला की ती मध्याकडे सरकू पाहते आणि पाइप चपटा होतो, तर आतल्या बाजूला धातू गोळा होऊन सुरकुती पडते. जाड पाइप हे सहन करतो, पातळ नळी करत नाही. त्यासाठी व्यासाला जाडीने भागून येणारा आकडा पाहावा. वरच्या एक इंची पाइपासाठी तो साडेदहा येतो, तर रेलिंगला वापरल्या जाणाऱ्या ३८.१ मिमी व्यासाच्या, दीड मिमी जाडीच्या स्टेनलेस नळीसाठी पंचवीसच्या वर जातो. पहिला पाइप रॅमवर समाधानकारक वाकतो. दुसरी नळी मात्र तीस-चाळीस अंशांतच बसकण मारते, आणि असा चपटा बाक पुढे कितीही पॉलिश केला तरी डोळ्यांत खुपतोच.

फिरत्या डायच्या बेंडरमध्ये, ज्याला रोटरी ड्रॉ म्हणतात, पाइपाचे एक टोक गोल डायला क्लँपने बांधलेले असते. सिलिंडर आर्मला ढकलतो, आर्म डायला फिरवतो आणि पाइप डायभोवती गुंडाळला जातो. बाहेरून एक लांबट, खाचेचा ठोकळा, म्हणजे फॉलोअर, त्याला दाबून धरतो. ज्या ठिकाणी पाइप त्या क्षणी वाकत असतो, तिथे तो दोन्ही बाजूंच्या खाचांत पूर्ण बंदिस्त असतो, त्यामुळे त्याला चपटे व्हायला जागाच उरत नाही. शिवाय वळणाची त्रिज्या दर वेळी तीच येते. चार खांबांच्या छतासाठी चार सारखे बाक काढायचे असतील, तर हा गुण इतर सगळ्या गुणांपेक्षा मोलाचा ठरतो. रॅमवर काढलेले चार बाक फरशीवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मला तो पहिल्यांदा पटला.

मर्यादा याही पद्धतीला आहेत. वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट ठेवली, तर बाहेरची बाजू सुमारे १७ टक्के ताणली जाते आणि ३.२ मिमीची जाडी तिथे पावणेतीन मिमीच्या आसपास उरते. साध्या पोलादाला हे झेपते. दुपटीवर आलो तर ताण २५ टक्क्यांवर जातो, आणि पातळ नळी असेल तर आतून मँड्रेलचा, म्हणजे नळीत घातलेल्या दांड्याचा, आधार दिल्याशिवाय निभाव लागत नाही. मँड्रेलची व्यवस्था घरी करण्याच्या फंदात मी पडणार नाही आणि दुसऱ्यालाही तसा सल्ला देणार नाही. तितके आवळ वळण महिन्यातून एकदाच हवे असेल, तर सीएनसी (संगणकावर चालणारा) बेंडर असलेल्या कारखान्यातून जॉबवर्क करून आणणे सरळ पडते. मोठ्या कमानींचा, म्हणजे मीटर-दीड मीटर त्रिज्येच्या वळणाचा प्रश्नही वेगळा आहे. तिथे या दोन्हींपैकी एकही यंत्र कामाचे नाही, तीन रोलरांचे यंत्र हवे.

मग विकत घ्यावे की बांधावे? माझे उत्तर दोन पद्धतींसाठी उलटसुलट आहे: रॅमचा बेंडर विकत घ्यावा, फिरत्या डायचा बांधावा. रॅमच्या यंत्रात चौकट आणि जॅक यांत विशेष काही नसते, त्याची खरी किंमत अर्धा इंचापासून दोन इंचांपर्यंतच्या फॉर्मरांच्या संचात असते. ते ओतकामात शेकड्यांनी निघतात, म्हणून तयार यंत्र स्वस्त मिळते. तोच संच आपल्या लेथवर एकेक करून काढायला बसलो, तर टर्नरचे दिवस आणि माल धरून यंत्राच्या किमतीपुढे जातो. फिरत्या डायचे याच्या उलट आहे. तयार हायड्रॉलिक यंत्र लहान शेडला जड जाते, आणि आपल्याला बहुधा दोनच मापांच्या डाय लागतात. त्यातून कोल्हापूरसारख्या गावी, जिथे पॅटर्न करणारा, ओतारी आणि लेथवाला एकाच फेरीत भेटतात, तिथे डाय बनवून घेणे हे दुसऱ्या गावातल्या माणसाला वाटते तितके अवघड काम नाही.

डायविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे इथेच वाचतात आणि इथेच वाया जातात. १०० मिमी त्रिज्येची डाय एक इंची पाइपाला चांगली शोभते. ही त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या जवळपास तिप्पट पडते. गोल सळईतून एवढा तुकडा कापून टर्न करायचा तर बराचसा माल बुरादा होऊन जातो. त्याऐवजी लाकडी पॅटर्नवरून एसजी आयर्नचे, म्हणजे सहज न तडकणाऱ्या चिवट बिडाचे, ओतकाम करून घेतले आणि फक्त बोअर, दोन्ही बाजू आणि खाच मशीन केली, तर माल आणि वेळ दोन्ही वाचतात. साधे बिडाचे ओतकामही चालते, मात्र क्लँप ज्या जागी बोल्टने बसतो तिथे बीड तडकते, म्हणून एसजीचाच आग्रह धरावा. खाच पूर्ण अर्ध्या व्यासाइतकी खोल हवी. तिची रुंदी पाइपाच्या प्रत्यक्ष व्यासापेक्षा ०.१ ते ०.२ मिमीने जास्त ठेवावी. यात "प्रत्यक्ष" हा शब्द महत्त्वाचा आहे. पोलादी पाइपांच्या आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे एक इंची मीडियम पाइपाचा व्यास ३३.३ ते ३४.२ मिमीच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि हा फरक खाचेच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. माझी पहिली डाय मी तक्त्यातल्या ३३.७ वर काढली होती. पुढच्या लॉटचा पाइप त्या खाचेत बसेना, तेव्हा तीच डाय पुन्हा लेथवर चढवावी लागली. ज्याला अचूकता हवी त्याने बाहेरच्या व्यासावर विकली जाणारी ईआरडब्ल्यू (विजेने शिवण जोडलेली) नळी घ्यावी. रोल केजसाठी तर पाणीपुरवठ्याचा पाइप वापरूच नये.

चौकटीत एकच चूक वारंवार दिसते: डायची पिन एकाच प्लेटमध्ये रोवलेली असते. जोर आला की अशी पिन तिरपी होते, डाय आणि फॉलोअर यांच्यामधली फट वरच्या बाजूला उघडते आणि पाइप खाचेतून वर चढू लागतो. म्हणून खाली आणि वर अशा दोन प्लेटा हव्यात, १६ मिमीच्या असल्या तरी चालतील, आणि पिन दोन्हींतून आरपार गेलेली हवी. दोन्ही प्लेटा एकत्र टॅक करून एकाच वेळी बोअर कराव्यात. लेझर कटिंग करून आणलेल्या प्लेटांची भोके जुळतात खरी, परंतु पिनच्या भोकांना रीमर फिरवायचा कंटाळा करू नये, कारण तिथली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई कोनात दिसते. २५ मिमीची ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) ची पिन या कामाला पुरेशी आहे.

आता जॅक लावावा की पॉवर पॅक, म्हणजे मोटरवर चालणारा पंप आणि सिलिंडर? आठ टनी बॉटल जॅकचा स्ट्रोक सुमारे १५० मिमी धरला, तर २५० मिमीच्या आर्मवर एका दमात जेमतेम ३५ अंश मिळतात. नव्वद अंशांसाठी दोनदा जॅक मागे घ्यायचा, आर्मची पिन पुढच्या भोकात घालायची आणि पुन्हा हापसायचे. बॉटल जॅक स्वतःहून परत येत नाही, त्याला स्प्रिंगा लावाव्या लागतात. आणि तो आडवा बसवायचा असेल तर पंपाची बाजू खाली ठेवावी, नाहीतर तेलाऐवजी हवा ओढतो. दिवसाला चार-पाच बाक काढणाऱ्याला हे सगळे परवडते. वीसच्या वर जाणाऱ्याने दोन्ही दिशांना तेलाच्या दाबाने चालणारा डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर घ्यावा. ५० मिमी बोअरचा सिलिंडर १५० बारवर सुमारे तीन टन देतो, जे आपल्या हिशेबाला पुरून उरतात. एका स्ट्रोकमध्ये नव्वद अंश हवे असतील, तर भूमितीने ३५४ मिमी स्ट्रोक येतो; पाइप सोडल्यावर तो दोन-तीन अंश उघडतो, त्यासाठी जास्त वाकवावे लागते, म्हणून ४०० मिमीचा घ्यावा. स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना आर्मची परिणामकारक लांबी १७५ मिमीच्या आसपास येते, तरीही जोर पुरतो. मिनिटाला चार लिटरचा गिअर पंप हे अंतर दहा-अकरा सेकंदांत काटतो आणि त्याला दोन अश्वशक्तीची मोटर भागते. याहून मोठा पंप घेऊ नये. बाक वेगाने काढून फायदा काहीच होत नाही, उलट हात लिव्हरवरून उचलेपर्यंत पाच अंश जास्त वाकून जातात.

सिलिंडर भंगारात चांगला मिळतो, हे खरे आहे. रॉडवर ओरखडे नसतील तर नवे सील घालून तो वर्षानुवर्षे चालतो. व्हॉल्व्हही जुना चालेल. परंतु होज आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरल्यापेक्षा वाढू न देणारा) नवेच घ्यावेत, आणि रिलीफ व्हॉल्व्ह गेज लावून १५० बारवर सेट केल्याशिवाय पाइप अडकवू नये. दाबाखालची गळती बोटाने चाचपण्याची सवय आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या फिटरांना आहे. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडीत शिरते आणि वरून नुसता ठिपका दिसत असला तरी आत बोट निकामी होऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती पाहावी, आणि तशी जखम झालीच तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

स्टेनलेसचे रेलिंग हेच ज्याचे मुख्य काम आहे, त्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलादी फॉलोअरवर स्टेनलेस घासून चिकटते आणि नळीवर लांबच लांब ओरखडे उठतात. फॉलोअर अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा करून घेतला आणि खाचेत वंगण लावले, तर हा त्रास जातो. स्टेनलेस सोडल्यावर काळ्या पाइपापेक्षा जास्त उघडते, म्हणून दोन्हींसाठी कोनाची खूण एकच ठेवून चालत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या बाबतीत बाहेरच्या बाजूचे जस्त तडकते आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो, मग यंत्र कोणतेही असो. वाळू भरून गॅसने तापवत वाकवण्याची जुनी रीत तर या पाइपावर मुळीच वापरू नये. जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो.

यंत्र बांधून झाल्यावर पहिला तासभर नफ्याचे काम करू नये. ज्या लॉटचा पाइप वापरायचा त्याचेच मीटरभराचे तीन-चार तुकडे घ्यावेत. पाइपाची वेल्डची शिवण वळणाच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला, म्हणजे जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो अशा रेषेवर ठेवावी. मग ३०, ४५, ६० आणि ९० अंशांना वाकवून, सोडल्यावर किती उघडते ते कोनमापकाने मोजून डायवरच पंचने खुणा कराव्यात. १०० मिमी त्रिज्येच्या नव्वद अंशांच्या बाकात १५७ मिमी पाइप खर्ची पडतो. हा आकडा आणि बाक जिथे सुरू होतो ती रेषाही चौकटीवर रंगवून ठेवावी, म्हणजे पुढच्या ऑर्डरीच्या वेळी शेडमधल्या नव्या पोराला कटिंगची लांबी विचारायला फोन करावा लागणार नाही.