450 रुपयांच्या ‘आयुर्वेदिक’ डबीत निघालं क्लोबेटासोल

इसबावरचं ‘शंभर टक्के जडीबुटी’ मलम म्हणून प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून आमच्या घरी आलेली 25 ग्रॅमची डबी. एकीचे 450 रुपये. पुढच्या डब्या कुरियरने आल्या, पैसे यूपीआयने गेले. चार डब्यांचे 1,800 रुपये. वर कडुनिंब, हळद, करंज तेल छापलेलं. खासगी प्रयोगशाळेत 4,000 आणि जीएसटीचे 720 मोजून तपासून घेतलं, तेव्हा अहवालात आलं क्लोबेटासोल प्रोपिओनेट. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधला हा सगळ्यात तीव्र गट.

शंका यायला हवी होती ती पहिल्याच रात्री. जुनाट इसबाची खाज कडुनिंब-हळदीने एका रात्रीत बसत नाही. बसली, तर डबीत स्टिरॉइड आहे असंच धरून चाला. दुसरी खूण डोळ्यांसमोर होती: मलम लागलेली कातडी आजूबाजूपेक्षा फिकट, पांढुरकी पडत होती. स्टिरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कोणतं स्टिरॉइड किती तीव्र, हे ठरवण्याची एक चाचणीच या पांढरेपणावर चालते. आणि तिसरी खूण म्हणजे मलम थांबवताच इसब दुपटीने उसळला. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, आता मध्येच सोडू नका.’ या एका वाक्यावर पुढच्या डब्या खपतात.

कोणी म्हणेल, शिकलेली माणसं कशी फसली? खाजवून खाजवून रक्त काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदा शांत झोप लागली की घरातलं कोणीही डबी उलटून बघत नाही. बघितली असती तरी तिच्यावर ‘स्टिरॉइड नाही’ असं ठळक छापलं होतं. लाज वाटायची तर ते छापणाऱ्याला वाटू दे.

आता रागाच्या भरात सगळ्याच स्टिरॉइडांना शिव्या घालू नका. इसबावर पहिलं औषध बहुतेकदा तेच असतं, पण कोणतं, कुठे आणि किती दिवस हे ठरवून दिलेलं. चेहऱ्याला आणि काखेसारख्या नाजूक जागी सहसा सौम्य, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. हातापायांच्या जाड चट्ट्यांना मोमेटासोन 0.1 टक्का, दिवसातून एकदा. क्लोबेटासोल 0.05 टक्के सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर तर नाहीच. माप बोटावर आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. या हिशेबाने दोन्ही कोपरांच्या खळग्यांना रोज एकदा लावलं तर 25 ग्रॅमची डबी पन्नास दिवस चालते. आम्हाला सांगितलं होतं, ‘दिवसातून तीनदा भरपूर चोळा.’ मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड एकावर एक थापायचं नाही, मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्यायची. आणि मॉइश्चरायझर सढळ हाताने, खाज नसली तरी रोज.

चोळत राहिलं की काय होतं? कातडी कागदासारखी पातळ होते, खालच्या शिरा दिसतात, काखेत-जांघेत लाल भेगांसारखे पट्टे उमटतात आणि ते पुरते जात नाहीत. चेहऱ्यावर पुटकुळ्या, नको तिथे लव. पापण्यांवर महिनोन्‌महिने लावलं तर काचबिंदूचा धोका. गजकर्णाला लावलं तर लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते.

तक्रारीचं सांगायलाच नको. एका कार्यालयाने पक्कं बिल मागितलं, यूपीआयची नोंद चालत नाही म्हणे. दुसरं म्हणालं, डबीवर आयुर्वेदिक लिहिलंय तर तो विभाग वेगळा. त्या वेगळ्या विभागाने सांगितलं, आत ॲलोपॅथीचं औषध सापडलंय, तेव्हा परत पहिल्यांकडेच जा. सील फुटलेली डबी नमुना म्हणून चालणार नाही, खासगी अहवाल पुरावा धरता येणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 खाली ग्राहकाला स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येतं, हे एकाही टेबलावर कोणी सांगितलं नाही. 2018 मध्ये त्वचेवरची चौदा स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मग तेच औषध डबीत भरून राजरोस विकणाऱ्याला पकडायचं कोणी? ज्याची कातडी गेली त्याने?

अशी डबी घरात असेल तर महिनोन्‌महिन्यांचा वापर एका दिवसात तोडू नका. डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते सौम्य औषधावर आणून हळूहळू थांबवतील. लहान मुलाला लावत असाल तर आजच जा. लेबलवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल तर घेऊ नका. आमच्या डबीवर यांच्या जागी फक्त मोबाइल नंबरचं स्टिकर होतं. केमिस्ट चिठ्ठीशिवाय गजकर्णाची ट्यूब पुढे सरकवत असेल तर घटकांमध्ये क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, बेटामेथासोन यांपैकी काही आहे का वाचा. असेल तर परत करा. आणि तक्रार करणारच असाल तर एक डबी सीलबंद ठेवा, बिल मागून घ्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.