दाबोळी की मोपा: गोव्याला जाताना कोणता विमानतळ धरावा?

गोव्याचे विमान तिकीट काढताना पूर्वी तारीख आणि भाडे एवढेच पाहावे लागे. ५ जानेवारी २०२३ पासून त्यात विमानतळाची भर पडली आहे. त्या दिवशी पेडणे तालुक्यातील मोपा येथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि वास्कोजवळच्या दाबोळीची कित्येक दशकांची मक्तेदारी संपली. तिकीट काढताना दोन्ही ठिकाणे 'गोवा' याच नावाखाली समोर येतात आणि फरक ओळखण्याची खरी खूण तीन इंग्रजी अक्षरांत असते: दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स.

ही अक्षरे किती महागात पडू शकतात हे मी अनुभवाने शिकलो. मेहुण्याला आणायला मी दाबोळीच्या आगमनद्वारासमोर उभा होतो आणि तो फोनवर सांगत होता, "भावोजी, मी बाहेर येऊन उभा आहे, तुम्ही दिसत नाही." दहा मिनिटे आम्ही दोघेही एकमेकांना खांबांचे क्रमांक सांगत होतो. शेवटी त्याला तिकिटावरची अक्षरे वाचायला लावली, तेव्हा तो माझ्यापासून साठ किलोमीटरहून अधिक दूर, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असल्याचे कळले. चूक आमचीच होती. तेव्हापासून घरातल्या कोणाचेही तिकीट निघाले की मी आधी ती अक्षरे पाहतो.

धावपट्टी कोणाची?

प्रवाशाला हा प्रश्न सहसा पडत नाही, परंतु या दोन विमानतळांमधला बराचसा फरक त्याच्याच उत्तरातून निघतो. दाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. पोर्तुगीज राजवटीने १९५० च्या दशकात ती बांधली, डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत भारतीय हवाई दलाने तिच्यावर बॉम्ब टाकले आणि पुढे ती नौदलाच्या ताब्यात जाऊन तेथे 'आयएनएस हंसा' हा हवाई तळ उभा राहिला. नौदलाची सी हॅरियर ही लढाऊ विमाने २०१६ मध्ये निवृत्त झाली ती याच तळावरून. आज तेथे मिग-२९के ही लढाऊ विमाने आणि समुद्रावर लांबवर टेहळणी करणारी पी-८आय विमाने आहेत. विमानवाहू जहाजावरील उड्डाणाचा आणि उतरण्याचा सराव जमिनीवरच करता यावा म्हणून टोकाशी वर उचललेला रॅम्प आणि विमानाचा आकडा (हुक) अडकवून घेणाऱ्या तारा असलेली खास चाचणी सुविधाही तेथे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नौदलासाठी बनवलेले तेजस विमान पहिल्यांदा तार पकडून थांबले ते तेथेच.

या सगळ्या पसाऱ्यात प्रवाशांच्या वाट्याला येते ती टर्मिनलची इमारत आणि तिच्यासमोर विमाने उभी करण्याची जागा, आणि तेवढा भाग भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. सरकारी भाषेत अशा भागाला 'सिव्हिल एन्क्लेव्ह' म्हणतात. घरगुती भाषेत सांगायचे तर मोठ्या वाड्यातली ही भाडेकरूची खोली आहे. खोली नीटनेटकी आहे, डिसेंबर २०१३ मध्ये नव्याने बांधूनही झाली, पण दिंडीदरवाजा केव्हा उघडायचा हे मालक ठरवतो. उड्डाणांचे नियंत्रणसुद्धा नौदलाकडेच आहे. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण लोहगावला तोच संसार हवाई दलाच्या वाड्यात चालतो.

मोपाचे तसे नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, नव्याने बांधलेला हा पूर्णपणे नागरी विमानतळ आहे आणि सरकार व खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून तो जीएमआर समूहाने उभारला आहे. त्याच्या पर्यावरण मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली होती, ती जानेवारी २०२० मध्ये उठली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय धरलेली होती. त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. देशाचे संरक्षणमंत्री राहिलेल्या नेत्याचे नाव गोव्यातल्या बिगरलष्करी विमानतळाला मिळाले, हा योगायोग मला दरवेळी गमतीचा वाटतो.

घड्याळाचा हिशेब

दाबोळीवर आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. नौदलाने वेळोवेळी त्यात काही सवलती दिल्या, तरी मुख्य परिणाम कायम राहिला: नागरी उड्डाणे पहाटे, दुपारी आणि रात्री दाटीवाटीने बसवावी लागतात. प्रवाशाला हे दोन रूपांत भोगावे लागते. सकाळी साडेनऊ-दहाचे सोयीचे विमान शोधायला गेलात तर ते दाबोळीपेक्षा मोपाहून मिळण्याची शक्यता अधिक असते. शिवाय दुपारच्या गर्दीत पाच-सहा विमाने पाठोपाठ उतरली की सामानाच्या पट्ट्यापासून टॅक्सीच्या खिडकीपर्यंत सगळीकडे एकदम रांग लागते, आणि तीच इमारत दोन तासांनी निवांत असते. सकाळचे विमान मुळात उशिरा निघाले आणि ते राखीव तासांच्या तोंडावर येऊन ठेपले, तर वेळापत्रक सावरायला फारशी मोकळीक उरत नाही. ज्यांना त्याच दिवशी पुढचे विमान पकडायचे आहे, त्यांनी दाबोळीहून निघताना मध्ये जरा सढळ हाताने वेळ ठेवावा.

धावपट्टीच्या वाटेकऱ्याचे काही बिनसले की त्याचा हिसका प्रवाशालाही बसतो. ३ जानेवारी २०१८ रोजी एक मिग-२९के उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरले आणि पेटले. वैमानिक बचावला, पण विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला आणि त्या दिवशीचे नागरी वेळापत्रक कोलमडले. लोहगावला तर ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ असे सलग चौदा दिवस धावपट्टीच्या कामासाठी एकही नागरी विमान उडाले नव्हते. असे प्रसंग विरळाच असतात, आणि दाबोळी नको म्हणण्यासाठी हे एकच कारण मी पुरेसे मानणार नाही. मोपाही काही दैवी संरक्षणात नाही, कारण मे २०२४ मध्ये तेथे वीज पडून धावपट्टीच्या कडेचे दिवे बिघडले आणि काही विमाने दुसरीकडे वळवावी लागली होती.

सरावाच्या वेळी दाबोळीच्या प्रतीक्षा कक्षात बसलेल्याला एक गोष्ट फुकट मिळते. आधी काचेला हलकीशी थरथर जाणवते, मग हातातल्या कागदी पेल्यातल्या चहावर वर्तुळे उमटतात, आणि आवाज कानापर्यंत पोहोचून लोक माना वळवतात तोवर विमान दिसेनासे झालेले असते. लहान मुले बरोबर असतील तर उशिराचे अर्धे दुःख तिथेच विसरले जाते. मात्र त्यांच्या हाती मोबाईल देऊन चित्रीकरण करायला सांगू नका. लष्करी विमानतळावर विमान जमिनीवर असताना, तसेच उड्डाण घेताना आणि उतरताना छायाचित्रण करण्यास मनाई आहे, आणि विमानातील कर्मचारी तशी सूचनाही देतात. ज्यांना नौदलाची विमाने निवांत पाहायची आहेत, त्यांच्यासाठी बोगमाळ्याच्या वाटेवरचे नौदल हवाई संग्रहालय दाबोळीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

नदीचा कुठला काठ?

विमान उतरल्यानंतरचा रस्ता हा माझ्या मते निवडीचा खरा निकष आहे. गोव्याचा नकाशा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांनी कापलेला आहे. दाबोळी जुवारीच्या दक्षिणेला आहे, तर मोपा मांडवीच्या उत्तरेला पार महाराष्ट्राच्या सीमेला टेकून आहे. पणजी या दोन नद्यांच्या मध्ये येते, त्यामुळे ती दोघांनाही थोड्याफार फरकाने सारखीच पडते: दाबोळीहून तीस किलोमीटरच्या आत आणि मोपाहून साधारण पस्तीस. पणजीत उतरणाऱ्याने म्हणूनच अंतर विसरून भाडे आणि वेळ पाहावी.

उत्तरेकडे हरमल, मांद्रे, मोरजी येथे जाणाऱ्याने मोपाच धरावा, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. कळंगुट आणि बागा यांचे गणित तितके एकतर्फी नाही. कागदावर दोन्हीकडून अंतरात फारसा फरक नाही, पण दाबोळीहून जाताना जुवारी आणि मांडवी दोन्ही ओलांडाव्या लागतात आणि वाटेत पर्वरी लागते, जेथे उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहने तासन्‌तास तुंबलेली अनेकांनी पाहिली आहेत. जुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून एका नदीचा ताप बराच कमी झाला आहे, हे मात्र मान्य करायला हवे. जुन्या पुलावरच्या रांगेत विमान चुकलेली माणसे माझ्या माहितीत आहेत.

दक्षिणेत चित्र उलटे होते. मडगाव दाबोळीहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, कोलवा आणि बाणावली त्याच बाजूला आहेत, आणि काणकोणचे पाळोळे दाबोळीहून साधारण साठ किलोमीटरवर असले, तर मोपाहून तेच अंतर शंभराच्या घरात जाते. मोपाचे तिकीट हजार-बाराशे रुपयांनी स्वस्त मिळाले म्हणून पाळोळ्याला जाणारा प्रवासी ते घेतो आणि वाचवलेल्या पैशांहून अधिक रक्कम टॅक्सीला देऊन मोकळा होतो, वर दोन-अडीच तास रस्त्यात जातात ते वेगळेच. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा देवदर्शनासाठी येणाऱ्यांनाही दाबोळीच थोडे जवळचे पडते.

गोव्याला जायचेच नाही, अशा प्रवाशांचाही एक मोठा वर्ग आहे आणि त्यांच्यासाठी मोपाने खरा फरक घडवला. बांदा तेथून दहा-बारा किलोमीटरवर आहे. सावंतवाडी, शिरोडा, रेडी, वेंगुर्ले ही सगळी गावे आता विमानाने जवळ आली आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण तेथील उड्डाणे मोजकीच, त्यामुळे दिल्ली किंवा बंगळुरूहून गणपतीला गावी येणारा चाकरमानी बहुधा मोपालाच उतरतो.

टॅक्सी, बस आणि बाकीचे

गोव्यातील टॅक्सीचा विषय काढला की दोन्ही बाजूंचे लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून येथे कामापुरतेच लिहितो. दोन्ही ठिकाणी टॅक्सीची अधिकृत खिडकी आहे, गोव्यात अॅपवर चालणारी सेवा पूर्णपणे रुळलेली नाही, आणि रात्री उतरणाऱ्याने गाडी आधीच ठरवून ठेवणे उत्तम. महामार्गावरील धारगळ ते मोपा असा सहापदरी जोडरस्ता २०२४ मध्ये खुला झाल्यापासून मोपाची सुरुवातीची गैरसोय बरीच घटली आहे. कदंब महामंडळाच्या बसगाड्या मोपाहून पणजी आणि मडगावकडे जातात. सामान थोडे असेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दाबोळीचा फायदा असा की विमानतळ वस्तीला लागून आहे. वास्को चार-पाच किलोमीटरवर आहे आणि बाहेरच्या हमरस्त्यावर आले की साधी प्रवासी बसही मिळते. मोपाच्या फाटकाबाहेर तसे काही नाही, नुसता सडा आहे.

इमारतींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मोपा नवा, उंच छताचा आणि ऐसपैस आहे. दाबोळी साधे आहे पण आत चालावे कमी लागते, जे गुडघेदुखी असलेल्या प्रवाशाला छतापेक्षा महत्त्वाचे वाटेल. परदेशी जाणाऱ्यांनी मात्र आधी मोपाची उड्डाणे पाहावीत, कारण ओमान एअर आणि कतार एअरवेज या कंपन्या २०२३-२४ मध्ये दाबोळी सोडून तिकडे गेल्या.

दाबोळी टिकेल का, हा प्रश्न गोव्यात सतत विचारला जातो आणि तो निराधार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० मध्ये मोपाला मान्यता दिली तेव्हा दाबोळीची नागरी वाहतूक थांबवण्याची अट होती, जी नंतर वगळण्यात आली. बंगळुरू आणि हैदराबाद येथे २००८ मध्ये नवे विमानतळ सुरू होताच जुन्यांवरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली, हे उदाहरण लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. सरकारने दाबोळी चालूच राहील असे वारंवार सांगितले आहे. येत्या महिन्या-दोन महिन्यांत प्रवास करणाऱ्याने या वादात पडण्याचे कारण नाही. दक्षिण गोव्यात घर घेऊ पाहणाऱ्याने मात्र केवळ 'विमानतळ पंधरा मिनिटांवर' या जाहिरातीवर निर्णय घेऊ नये.

ज्यांचा मुक्काम आधी उत्तरेत आणि नंतर दक्षिणेत आहे, त्यांच्यासाठी एक तिसरा पर्याय आहे, जो फार कमी लोक वापरतात: मोपाला उतरावे आणि परतीचे तिकीट दाबोळीचे काढावे. अनेक कंपन्या दोन्हीकडे उडतात आणि एकेरी तिकिटे वेगवेगळी काढली तरी भाड्यात बहुधा मोठा फरक पडत नाही, उलट शेवटच्या दिवशी अख्खा गोवा पुन्हा ओलांडण्याचे वाचते. फक्त गाडी भाड्याने घेताना ती दाबोळीला परत देता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे, आणि परतीच्या तिकिटावरची तीन अक्षरे निघण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावीत.