पावसाळ्यासाठी एसीचा ड्राय मोड की वेगळा डिह्युमिडिफायर? बेळगावच्या एका प्रेसमधला अनुभव

बेळगावात एसी घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, खोली केवढी? मला वाटतं, त्याच्याआधी आपणच आपल्याला विचारावं की त्रास कसला आहे, उकाड्याचा की ओलीचा. आपल्याकडे उकाडा मार्चअखेरपासून मेपर्यंत, आणि एखादा चांगला वळीव पडला की तोही मोडतो. ओल मात्र मिरगाला येते ती नवरात्रापर्यंत मुक्कामालाच असते.

शहापुरात माझा छोटा ऑफसेट प्रेस आहे. मागच्या बाजूला दहा बाय बाराची कागदाची खोली. तिथे मी दोन पावसाळे दीड टनी इन्व्हर्टर एसी ड्राय मोडवर, म्हणजे ओल काढायच्या सेटिंगवर, चालवला आणि त्यानंतरचे तीन पावसाळे डिह्युमिडिफायर, म्हणजे फक्त हवेतली ओल काढणारं मशीन. सध्या बरेच जण मला या दोन्हींबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एसीची बाजू आधी. हवेतली ओल काढायचं काम तो उत्तम करतो, यात शंका नाही. मुळात हे यंत्र निघालंच ओलीसाठी. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उन्हाळ्यातल्या दमट हवेने कागद ताणला जायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढायची यंत्रणा आखली. माझं दुखणं तंतोतंत तेच, त्यामुळे मीही विश्वासाने एसीच बसवला.

पण घरगुती एसी तापमान बघून चालतो, ओल बघून नाही. एप्रिलमध्ये बाहेर छत्तीस-सदतीस असताना त्याला भरपूर काम असतं, कॉम्प्रेसर चालू राहतो आणि थंड कॉइलवर पाणी धरून नळीवाटे बाहेर जातं. जुलैत आपल्याकडे दिवसभराचं तापमानच पंचविसाच्या आसपास असतं. २४ वर लावलेला एसी दहा मिनिटांत समाधान मानतो. कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो, आणि कॉइलला चिकटलेलं पाणी ट्रेमध्ये उतरायच्या आत परत खोलीत येतं. तो कुबट वास तुम्हीही घेतला असेल. ड्राय मोडमध्ये पंखा हळू होतो आणि कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. काही मॉडेलमध्ये कॉम्प्रेसरबरोबर पंखाही थांबतो, तिथे फरक पडत असेल. माझ्याकडच्यात थांबत नव्हता. मग उरतो एकच मार्ग, १८ वर लावायचा. तसा लावला की नळीतून धार लागते, खोली कोरडी होते आणि गारही पडते.

त्या गारव्यानेच माझा निर्णय केला.

रात्रभर एसीत राहिलेला आर्ट पेपरचा गठ्ठा सकाळी मशीनवर आणायचो. कागद गार, मशीनच्या खोलीतली हवा दमट. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर तिला जसा घाम फुटतो, तेच कागदाचं होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. गठ्ठ्याच्या कडा हवेतलं पाणी आधी पितात आणि फुगतात, मधला भाग तसाच राहतो. तासाभरात कडांना लाटा येतात. माझं मशीन दोन रंगी, म्हणजे चार रंगांच्या कामाला कागद दोनदा जातो. पहिल्या फेरीत एका मापाचा असलेला कागद दुसऱ्या फेरीला केसभर वाढलेला असतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर एका मंडळाच्या अहवालाची दोन हजार कव्हरं अशीच गेली. मूर्तीच्या सोंडेच्या कडेने बारीक लाल रेघ, प्रत्येक कव्हरवर. शाई बरोबर, प्लेट बरोबर, मशीनवर हात बसलेला माणूस. कागद तेवढा हलला होता. सगळं काम परत केलं.

यावर तोड आहे. गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर आणायचा, दिवसभर तसाच ठेवायचा आणि खोलीच्या तापमानाला आला की मग उघडायचा. मोठ्या प्रेसला ते जमतं. माझ्याकडे मंडळाची पोरं आज मजकूर आणतात आणि परवा माल मागतात.

डिह्युमिडिफायरच्या आतही तसाच कॉम्प्रेसर, तशीच थंड कॉइल. फरक इतकाच की एसी आपली उष्णता बाहेर फेकतो आणि हा ती खोलीतच सोडतो. एक लिटर वाफेचं पाणी झालं की साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता सुटते, शिवाय मशीनने खाल्लेली वीज वेगळी. त्यामुळे बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते. मे महिन्यात हे असह्य होईल. जुलैत मात्र तेच उपयोगी पडतं, कारण हवा जराशी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे ती धरू शकते त्या मानाने तिच्यातली ओल, आणखी खाली उतरते. आणि हे मशीन ओल बघून चालतं. ५० टक्क्यांवर काटा लावला की बाहेर तेवीस असो वा अठ्ठावीस, तेवढी ओल होईपर्यंत ते थांबत नाही. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवतं, माझं काम तिथे भागतं.

मी काटा फारसा बघतही नाही. सकाळी खोली उघडली की दहा-वीस ताव उचलून झटकतो. कोरडा कागद खडखड वाजतो, ओला कागद फडक्यासारखा मऊ आवाज देतो. एसीच्या दिवसांत हा आवाज दुपारपर्यंत बदलायचा, आता संध्याकाळीही तसाच येतो. कागद कोमट असल्याने बाहेर आणला तरी घाम धरत नाही. याला तुम्ही मोजमाप म्हणणार नाही, पण तीन पावसाळ्यांत रंग हलल्याची तक्रार आलेली नाही.

याचे त्रास नाहीत असं नाही. जुन्या फ्रिजसारखी घरघर चालू असते, शेजारी झोपणं अवघड. पहिल्या आठवड्यात, भिंती आणि कागद दोन्ही ओल सोडत असताना, टाकी सकाळ-संध्याकाळ रिकामी करावी लागते. खोक्यावर लिहिलेले दिवसाचे लिटर बहुतेकदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. आपल्याकडच्या गार पावसात त्याहून कमीच निघतं, म्हणून गरजेपेक्षा एक माप मोठं घ्यावं. टेबलावर ठेवायचे ते छोटे, कॉम्प्रेसर नसलेले डबे खोलीसाठी घेऊ नयेत. त्यांची धाव कपाटापुरती.

घरासाठी विचारत असाल तर उत्तर थोडं बदलतं. अथणी, रायबाग भागात पाऊस तसा कमी आणि ऊन कडक, तिथे सरळ एसी घ्यावा. कोरड्या हवेत कूलरही चांगला चालतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे मला डिह्युमिडिफायरशिवाय दुसरं काही सुचत नाही. बेळगाव शहर मधे आहे. ज्याला मे महिन्यात झोप लागत नाही त्याने एसी घ्यावा, त्याला मी नको म्हणणार नाही. आमच्या घरी मात्र दुखणं आईच्या कपाटाचं होतं. जरीच्या साड्यांना वास, चामडी चपलांवर पांढरी बुरशी, गादीला कायम गारठा. आता प्रेसमधलंच जुनं मशीन दुपारी दार-खिडक्या लावून तीन-चार तास चालवतो आणि रात्री बंद करतो. आई श्रावणात साड्या उन्हाला टाकायची वाट बघत बसायची, ते गेल्या वर्षीपासून थांबलं.

विजेचा हिशेबही घरात महत्त्वाचा. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याला २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. खोलीचा डिह्युमिडिफायर साधारण चारशे वॅटचा, म्हणजे रोज चार तासांचे महिन्याला पन्नासच्या आत युनिट. दीड टनी एसी १८ वर रोज रात्रभर चालवला तर त्या हद्दीत राहणं कठीण.

एक गोष्ट दोन्हींना लागू. खिडकी उघडी ठेवून मशीन लावलं तर ते अख्ख्या तालुक्याची हवा वाळवायला बसतं. आणि भिंतीत पाणी झिरपत असेल तर आधी गवंडी बोलवा. शिवाय सगळ्यांनाच कोरडी हवा हवी असते असंही नाही. वडगावच्या मागवाल्यांना विचारा, हवा फार कोरडी झाली की त्यांचा धागा तुटायला लागतो. एकाच गावात त्यांना हवी ती हवा मला चालत नाही.

घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी दुकानातच बघून घ्या. लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होतं का, हे प्लग काढून परत लावून बघा. आणि नळी जोडायला मागे तोटी आहे का, तेही बघा. माझ्या पहिल्या मशीनला ती नव्हती. शनिवारी प्रेस बंद करून गेलं की रविवारी टाकी भरून मशीन थांबायचं, आणि सोमवारी सकाळी ताव झटकला की तोच फडक्याचा आवाज.