वजन उतरवायचंय: पोहायला जावं की चालायला?

वजन कमी करायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक, पोहायला लाग, सगळ्या अंगाला व्यायाम होतो. दुसरा, पोहून कुणी बारीक होत नाही, उलट भूक वाढते, त्यापेक्षा रोज चाल. दोन्हींत तथ्य आहे आणि म्हणूनच ठरवणाऱ्याची पंचाईत होते. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्याला वीसेक मिनिटं न थांबता पोहता येतं, त्याच्यासाठी वजन उतरवायला पोहणं उत्तम. ज्याला अजून तेवढं जमत नाही, त्याने वजन उतरवण्याची भिस्त चालण्यावर ठेवावी आणि सोबत पोहणं शिकत राहावं. गुडघे दुखत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी कॅलरींचा हिशेब. ७० किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला (ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास), तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. तेवढाच वेळ सावकाश फ्रीस्टाइल (पालथं राहून आळीपाळीने एकेक हात मारत) पोहला तर २००. ताशी ८ किलोमीटरने पळाला तर २९० आणि जोर लावून पोहला तर ३४०. कागदावर पोहणं सरळसरळ जिंकतं.

पण हे आकडे प्रत्यक्ष हातपाय चालू असलेल्या वेळेचे आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे. नवशिका एक फेरी मारतो, कठड्याला धरून दम खातो, शेजारच्याशी दोन शब्द बोलतो, मग पुढची फेरी. तासभर पाण्यात काढला तरी खरं पोहणं जेमतेम पंचवीस मिनिटं होतं, म्हणजे सुमारे १७० कॅलरी. तोच तास भरभर चालण्यात गेला असता तर ३०० खर्च झाल्या असत्या. चालायला शिकावं लागत नाही, हा चालण्याचा फार मोठा फायदा आहे आणि आपण तो सहसा मोजतच नाही.

नवशिक्याला दम लवकर लागतो तो बहुतेक वेळा ताकद कमी म्हणून नाही. डोकं वर काढलं की पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि हवेच्या सुमारे ८०० पट घनतेचं पाणी आडवं येतं. श्वास बाहेर सोडायचा राहून जातो, छाती भरून येते आणि पुरेशा कॅलरी खर्च होण्याआधीच माणूस थांबतो. म्हणून पहिले दोनतीन महिने श्वास आणि शरीर आडवं ठेवणं याच दोन गोष्टींवर घालवावेत, फेऱ्या मोजू नयेत. सरावलेल्याची अडचण उलटी असते. त्याचं शरीर इतकं सहज सरकतं की रोजच्या त्याच निवांत फेऱ्यांत फारसं काही खर्चच होत नाही. त्याने ५० मीटर जोरात, २० सेकंद विश्रांती, असं आठदहा वेळा करावं. नाडी मोजून जोर ठरवत असाल तर पाण्यात ती जमिनीपेक्षा कमी पडते हे ध्यानात ठेवा. फेरी संपल्यावर एक पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल, तर वेग वाढवायला जागा आहे.

आता भुकेचं. पोहून आल्यावर पोटात खड्डा पडतो, हा अनुभव खोटा नाही. २००५ मध्ये फ्लोरिडात झालेल्या एका प्रयोगात काही पुरुषांना पाण्यात बसवलेली सायकल ४५ मिनिटं चालवायला दिली, एकदा २० अंशांच्या आणि एकदा ३३ अंशांच्या पाण्यात. खर्च झालेल्या कॅलरी जवळपास सारख्याच. पण नंतर हवं तेवढं खायला दिल्यावर थंड पाण्यातून आलेल्यांनी ४४ टक्के जास्त खाल्लं, म्हणजे सुमारे २७० कॅलरी अधिक. अर्ध्या तासाच्या सावकाश पोहण्यात जे कमावलं, ते सगळं त्यात जातं. पाणी फार थंड नसेल असा तलाव निवडा, पोहायची वेळ जेवणाच्या थोडी आधी ठेवा, म्हणजे भूक जेवणातच भागेल आणि मधलं एक खाणं वाढणार नाही.

अभ्यासही दोन्ही बाजूंचे सापडतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ स्त्रियांनी खाण्यावर बंधन न घालता व्यायाम केला. चालणाऱ्यांचं वजन सुमारे १० टक्के उतरलं, सायकल चालवणाऱ्यांचं १२ टक्के, पोहणाऱ्यांचं उतरलंच नाही. याउलट २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात ५० ते ७० वर्षांच्या स्त्रियांपैकी पोहणाऱ्यांचं वजन वर्षभरात चालणाऱ्यांपेक्षा १.१ किलोने जास्त उतरलं आणि कंबरेचा घेरही अधिक कमी झाला. पोहून वजन उतरतच नाही, हे म्हणणं यानंतर टिकत नाही. पण वर्षाला एका किलोचा फरक म्हणजे काही डोंगराएवढा नव्हे. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. आठवड्यातून तीनदा ३०० कॅलरी खर्च केल्या आणि खाणं तेवढंच राहिलं, तर किलोभर उतरायला साडेआठ आठवडे लागतील. पोहा किंवा चाला, ताटाकडे पाहिल्याशिवाय काटा भरभर हलणार नाही.

गुडघे, टाचा किंवा कंबर दुखत असेल, किंवा वजनच इतकं असेल की दहा मिनिटं चालणंही शिक्षा वाटते, तर मी डोळे झाकून पाण्याची बाजू घेईन. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पोहता येत नसेल तरी छातीभर पाण्यात हात हलवत जोरात चालता येतं, आणि तो खराखुरा व्यायाम आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) जपून करावा, त्यात गुडघा बाहेर फिरवून लाथ मारावी लागते. फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक (उताणं पोहणं) बरा.

हाडांसाठी चालणं सरस, कारण त्यात शरीराचा भार हाडांवर पडतो. खांदे, पाठ आणि दंडांसाठी पोहणं. हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांशी बोला. फिट येणाऱ्याने कधीही एकट्याने पोहू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी असं सांगेन: आठवड्यातून चार दिवस चाला, दोन दिवस पोहायला शिका. सलग दहा मिनिटं पोहता आलं की चालण्याचा एक दिवस तलावाला द्या. वीस मिनिटं झाली की आणखी एक.