न्यूझीलंड १४ दिवस, बडोद्याहून ग्रुप टूर : पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

मार्चमध्ये मी आणि आमचे हे न्यूझीलंडला जाऊन आलो, १४ दिवस, माणशी पावणेपाच लाख, व्हिसा धरून. टूरवाल्याचं नाव लिहीत नाहीये, ऑफिस गावातच आहे, भाजीला गेलं तरी भेटतात, उगाच वाईटपणा कशाला. पण दांडिया बाजारातल्या तीन घरांनी विचारलं की काकी जावं का नको, तर प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. स्टार द्यायचे तर देशाला पाच आणि टूरला दोन, सरासरी तुम्हीच काढा.

आम्ही २६ जण होतो, दहा मराठी, बाकी कारेलीबाग आणि अलकापुरीचे गुजराती, आणि प्रत्येकाकडे कपड्यांच्या बॅगेपेक्षा नास्त्याची बॅग जड. ऑकलंडला उतरल्या उतरल्या त्याचाच पहिला धडा मिळाला. ह्या देशाला सगळ्यात जास्त भीती कशाची असेल तर आपल्या पिशवीतल्या खाण्याची. बेट आहे ना, बाहेरचा एखादा किडा, बी, माती आत आली तर त्यांच्या बागा आणि मेंढ्या गेल्याच, म्हणून फॉर्मवर सगळं खरं लिहायचं. लिहून दाखवलंत तर दंड नाही, फार तर काढून घेतात. लपवलंत आणि सापडलं तर ४०० डॉलर जागच्या जागी, म्हणजे आपले वीसेक हजार. आमच्यातल्या एका भाईंनी विमानात मिळालेलं सफरचंद नंतर खाऊ म्हणून खिशात ठेवलेलं, कुत्रा आला आणि शांतपणे त्यांच्यासमोर बसला, झालं. वीस हजारांचं सफरचंद म्हणून पुढचे १४ दिवस त्यांना कोणी सोडलं नाही. माझे थेपले, चकल्या, खाखरे बघून परत दिले, पेढे गेले, ह्यांचे बूट उलटे करून तळाची माती बघितली. टूरवाल्यांनी निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये ह्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, मीटिंगमध्ये फक्त टोप्या वाटल्या आणि समोसे दिले.

ऑकलंडचं फार काही लिहित नाही, मोठं शहर, टॉवर ३२८ मीटर, वर जाऊन फोटो काढले. वायटोमोची गुहा मात्र बघाच. अंधारात होडीत बसवतात, बोलायचं नाही, मोबाईल बंद, आणि वर छतभर निळसर ठिपके. आपले काजवे नव्हेत हं, एका माशीच्या अळ्या आहेत, छताला चिकट धागे लटकवून बसतात आणि उजेडाला भुलून येणारे किडे खातात. २६ बडोदेकर दहा मिनिटं एकही शब्द न बोलता बसले, मला वाटतं ह्या ट्रिपचा तोच सगळ्यात मोठा चमत्कार. १८८७ साली ताने तिनोराऊ नावाचा तिथला माओरी (म्हणजे ह्या देशातले मूळ लोक) प्रमुख एका इंग्रज सर्व्हेयरला घेऊन तराफ्यावरून ह्या गुहेत शिरला, पुढे सरकारने गुहा ताब्यात घेतली आणि १९८९ मध्ये त्याच्याच वंशजांना परत केली. आता तिथे काम करणारे बरेचजण त्याच घरातले.

आता रोटोरुआ. गावात शिरतानाच सडक्या अंड्यांचा वास, गंधकाचा, गटाराच्या जाळीतून वाफ येतेय, लोकांच्या परसातून वाफ येतेय आणि तिथल्या कोणाला त्याचं काही नाही. प्रोग्रॅमच्या कागदावर ह्या दिवसापुढे एकच ओळ होती, 'गीझर, माओरी शो विथ डिनर'. गीझर म्हणजे बाथरूममधला नव्हे, जमिनीतून उसळणारं गरम पाणी. मी मनात म्हटलं, आता गवताचे घागरे घालून नाचतील, आपण टाळ्या वाजवू, जेवू, झोपू.

तसं झालं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय तिथल्या लोकल गाईडबाईंना. माझ्याच वयाच्या असतील, हनुवटीवर गोंदलेलं, पूर्ण नक्षी. मी त्यांना सांगितलं की माझ्या आजीच्या हनुवटीवरपण तीन ठिपके होते, तर त्या थांबल्याच, म्हणाल्या कशासाठी होते? आणि मला धड सांगताच येईना, बायका गोंदवायच्या एवढंच माहीत. त्यांच्याकडे मात्र प्रत्येक रेघेला अर्थ, कोणत्या घरातली, कोणाची वंशज. त्या भागात बायकांनी गाईड होणं पिढ्यांपासून चालत आलंय. १८८६ च्या जूनमध्ये तारावेरा डोंगर फुटला आणि शंभरावर माणसं गेली, जगभरातून लोक बघायला यायचे त्या गुलाबी आणि पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या राखेखाली गेल्या, तेव्हा सोफिया हिनेरांगी नावाच्या गाईडबाईच्या घरात आसरा घेतलेले लोक वाचले. हे सांगताना गाईडबाई असं सांगत होत्या की जणू मागच्या गल्लीतली गोष्ट.

त्यांनी आम्हाला ओळख करून द्यायची पद्धत शिकवली, पेपेहा म्हणतात. त्यात आपलं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी तुमचा डोंगर कोणता, मग नदी कोणती, मग तुमचे पूर्वज कोणत्या नावेतून आले, मग कुळ, आणि मग कुठे तुम्ही. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, को पावागड ते माउंगा, को विश्वामित्री ते आवा. माउंगा म्हणजे डोंगर आणि आवा म्हणजे नदी. नावेचं अडलं. आमचे पूर्वज गायकवाडांबरोबर घोड्यावरून आले, नाव कुठली आणू? त्या म्हणाल्या मग घोडाच तुमची नाव. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पूर आला की सोसायटीत येतात हे सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना, कारण त्यांच्याकडे साधा सापसुद्धा नाही. मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा पटलं.

त्यांनीच सांगितलं की त्यांच्या आईच्या पिढीला शाळेत माओरी बोललं की मार पडायचा, भाषा मरायला टेकली, मग १९८२ पासून आजीआजोबांनी बालवाड्या काढल्या, कोहांगा रेओ, तिथे लहान मुलांशी फक्त माओरीत बोलायचं, आणि १९८७ मध्ये ती सरकारी भाषा झाली. माझा नातू मित्रांशी गुजरातीत बोलतो, मम्मीपप्पांशी इंग्लिशमध्ये आणि मराठी फक्त माझ्याशी, तीपण 'आजी मला भूक लागला' अशी. मी गप्प ऐकत होते. १८४० मध्ये इंग्रज आणि माओरी प्रमुखांमध्ये झालेल्या वायटांगी कराराचंही सांगितलं, माओरी कागदावर एक लिहिलेलं आणि इंग्लिश कागदावर त्याहून बरंच जास्त, आणि भांडण अजून चालू. त्यावर आमचे हे म्हणाले, आम्ही संस्थानवाले, इंग्रजांचे करार आम्हाला नवीन नाहीत.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला पाहुण्यांमधून एकाला प्रमुख करतात. भाला घेऊन त्यांचा योद्धा डोळे वटारत, जीभ काढत येतो आणि जमिनीवर पान ठेवतो, ते आपल्या प्रमुखाने नजर न हलवता, न हसता उचलायचं, म्हणजे आम्ही शांततेने आलोय. आमचा प्रमुख कोण तर सफरचंदवाले भाई! उचललं हं त्यांनी व्यवस्थित, घाम मात्र फुटला होता. मग त्यांची गाणी, 'हाका' म्हणजे पाय आपटत, ओरडत करायचा त्यांचा नाच, आणि मग म्हणे आता पाहुण्यांनी गाणं म्हणायचं, तशी रीत आहे. टूर मॅनेजर पोरगा फोनमध्ये डोकं घालून बसलेला, आम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. शेवटी गणपतीची आरती सुरू केली, आणि खरं सांगते, सगळ्यात मोठ्याने आमच्या गुजराती बेन म्हणत होत्या, बडोद्याचा गणपती काय फक्त मराठ्यांचा असतो का. मग नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून भेटायचं, श्वास वाटून घ्यायचा. दोघीतिघी लाजल्या, पण केलं सगळ्यांनी.

जेवण हांगी. खड्ड्यात तापलेले दगड, वर टोपल्या, ओलं कापड, वरून माती, आणि तीनचार तास विसरून जायचं. वलसाडकडे हायवेवर उंबाडियुं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या भाज्या, खाल्लं असेल तर चव ओळखीची वाटेल, तोच धुराचा वास, आणि रताळंही तेच. ते त्यांच्या पूर्वजांनी नावेतून आणलेलं, कुमारा म्हणतात. पण व्हेज आधी कळवावं लागतं आणि टूरवाल्यांनी कळवलंच नव्हतं, पंधरा माणसं ब्रेड आणि सॅलड घेऊन बसली होती, मग तिथल्याच लोकांनी धावपळ करून रताळं, भोपळा, मका वेगळं वाफवून दिलं.

नेपियरला अर्धा दिवस. १९३१ च्या भूकंपात गाव पडलं आणि मग सगळं एकाच नव्या स्टाईलमध्ये बांधलं, म्हणून बघायला जातात, छान आहे. वेलिंग्टनच्या 'ते पापा' नावाच्या म्युझियममध्ये एक तुटकी कांस्याची घंटा आहे, तिच्यावर तमिळ अक्षरं, आणि ती १८३० च्या दशकात एका पाद्र्याला मिळाली तेव्हा माओरी बायका तिच्यात भाजी शिजवत होत्या! तिकडे कशी पोचली कोणालाच माहीत नाही. आमच्या ग्रुपमधले बरेचजण तेव्हा खाली सुव्हेनियरच्या दुकानात होते.

मग फेरीबोट, साडेतीन तास, पलीकडे दक्षिण बेट आणि वाइनचा मुलुख, मार्लबरो. आता आम्ही गुजरातवाले, दारूबंदी आमच्या राज्याएवढीच जुनी, त्यामुळे बसमध्ये आधीच खुसखुस चालू, कोण घेणार कोण नाही, फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत वगैरे. ह्यांनी सकाळीच जाहीर केलं की ते फक्त ज्यूस घेणार. मी ५९ व्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा चव घेतली, लिहून टाकते, काय व्हायचं ते होवो.

सोव्हिन्यों ब्लाँ म्हणतात ती पांढरी वाइन. तिथली पोरगी म्हणाली आधी वास घ्या, काय आठवतं ते सांगा. मी म्हटलं पेरू, आणि सिमला मिरची चिरल्यावर येतो तो वास. मला वाटलं हसेल, तर ती खूश, म्हणाली बरोबर, त्या द्राक्षात खरंच तेच द्रव्य असतं जे हिरव्या सिमला मिरचीत असतं. दिवसा कडक ऊन आणि रात्री थंडी, त्याने तो वास टिकतो. गंमत म्हणजे ह्या भागात व्यापारी लागवड १९७३ मध्ये सुरू झाली, त्याआधी सगळी मेंढ्यांची कुरणं, आणि आता देशातली बहुतेक वाइन इथूनच जाते. म्हणजे माझ्या लग्नाच्या पैठणीपेक्षा फार जुनं काही नाही. बाटलीला बूच नाही, फिरकीचं झाकण, एक काका म्हणाले हे तर सस्त्या बाटलीसारखं, तर कळलं की बुचाने वाइन बिघडायची म्हणून तिथल्या लोकांनी मुद्दाम ठरवून २००१ पासून हेच झाकण आणलं. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं, चक्क पिकदाणी! सगळे गिळत होते, मी एकटीच शहाण्यासारखी थुंकत होते.

काढणीचे दिवस होते, वेलींवर पक्ष्यांसाठी जाळ्या, मोठी मशीनं रात्री चालतात कारण गारव्यात द्राक्षं चांगली राहतात, आणि दंव पडायची भीती असली तर हेलिकॉप्टर बोलावून वरची गरम हवा खाली ढकलतात. मी हे विचारत होते तोवर मॅनेजरची शिट्टी. चाळीस मिनिटं! ब्रोशरच्या कव्हरवर द्राक्षाचे मळे, आणि प्रत्यक्ष चाळीस मिनिटं, कारण क्राइस्टचर्चला साडेसातला इंडियन डिनर बुक होतं. कायकोउराला समुद्रात व्हेल असतात, आम्ही तिथे चहा प्यायलो. आणि डिनर काय, तर पनीर बटर मसाला. १३ रात्रींपैकी नऊ रात्री पनीर बटर मसाला, मी मोजलंय. बस कुठेही असो, बायकामंडळी बरणीतून लोणचं काढायच्या तेव्हा घास उतरायचा.

पुढचं दक्षिण बेट डोळ्यांना सुख, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत म्हणून थोडक्यात. टेकापोचं तळं खरंच तसं फिरोजी आहे, हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून. रात्री तिथलं आकाश बघायला जगातून लोक येतात, आम्ही दुपारी २५ मिनिटं थांबलो. आओराकी म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर, ढगातून पाच मिनिटं दिसला आणि त्या पाच मिनिटांत बस एकदम गप्प. माओरी सांगतात की आओराकी आणि त्याचे भाऊ ज्या नावेत बसले होते ती उलटली आणि तिचंच हे दक्षिण बेट झालं, आणि भाऊ थंडीने दगड झाले. मला लगेच नावेचं आठवलं.

मिलफर्डला क्वीन्सटाऊनहून जाऊन येऊन आठ तास बस, पण जा. आमच्या दिवशी धो धो पाऊस, मॅनेजर सॉरी सॉरी करत होता, तर ड्रायव्हर म्हणाला नशीबवान आहात. इथे वर्षाला जवळपास सात मीटर पाऊस पडतो आणि पडतो तेव्हाच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. इकडे मीटरभर पडला तरी विश्वामित्री घरात येते. तिथल्या चावऱ्या माश्यांसाठी क्रीम घ्या, माओरी म्हणतात इतकी सुंदर जागा बघून माणसं इथेच बसून राहतील म्हणून देवीने माश्या सोडल्या. ड्रायव्हर सोन्यासारखा माणूस होता. साडेपाच तासांनी त्याला अर्धा तास ब्रेक कायद्यानेच घ्यावा लागतो, त्यावरून आमच्यातल्या दोन काकांनी त्याच्याशी वाद घातला, मला लाज वाटली.

तर जायचं असेल तर जा, मार्चमध्येच जा, पण बुकिंग करताना तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको: रोटोरुआत दोन रात्री, मार्लबरोत एक रात्र, आणि व्हेज हांगी आधी कळवलेली. रोज इंडियन डिनर नको असं पाचसहा जणांनी मिळून सांगितलं तर ऐकतात म्हणे, आम्ही फार उशिरा सांगितलं.

मी एक बाटली घेतली होती, त्या पेरूच्या वासाची. कस्टमच्या ग्रीन चॅनेलमध्ये न जाता, सामान दाखवायच्या लाल चॅनेलमधून नीट मुंबईला उतरलो, पण गुजरातमध्ये न्यायची कशी, परमिट कोण काढणार, म्हणून दादरला भावाकडे ठेवून ट्रेनमध्ये बसलो. तो म्हणतो अजून उघडली नाहीये. वहिनी फोनवर काही बोलत नाही, नुसती हसते.