लेबल प्रिंटर, नऊ महिन्यांनंतर: आठातले तीन मीटर कचऱ्यात

ऑफिसातल्या वस्तूंवर लावायची लेबलं ज्यावर छापतो, त्या प्रिंटरचा कटर मंगळवारी अडकला. वॉरंटीचे अजून तीन महिने बाकी, म्हणून महाप्याहून वाशीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, कटर झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत नाही येत." रिक्षाचं भाडं गेलं, अर्धा दिवस गेला. तेव्हापासून कात्रीने कापतोय आणि खरं सांगू, बिघडल्यापासून मशीन जास्त परवडतंय.

हातात मावणाऱ्या, लॅमिनेटेड टेपच्या या मशीनची बाकी माहिती तुम्हाला असेलच. बॉक्सवर जे छापत नाहीत ते सांगतो. प्रिंट हेड आणि कटर यांच्यात अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक लेबलाच्या आधी साधारण अडीच सेंटिमीटर कोरी टेप बाहेर येते. लेबल चार सेंटिमीटरचं. म्हणजे ८ मीटरच्या कॅसेटमध्ये लेबलं सव्वाशेही नाहीत आणि तीन मीटर टेप कचऱ्यात. कॅसेट सातशेच्या घरात. मी पहिल्या महिन्यात ते कोरे तुकडे डब्यात साठवले होते, आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना दाखवायला. त्या हसल्या, मला नाही हसू आलं.

उपाय मशीनमध्येच होता, मेनूत खोल दडलेला: साखळी प्रिंट. वीस लेबलं सलग छापायची, कोरा तुकडा एकदाच जातो, मग कात्री. कटर चालू होता तोवर मी आळसाने एकेक छापत होतो.

टेपबद्दल मात्र तक्रार नाही. आधी कुरियरवाल्यांसारखी थर्मल कागदाची लेबलं लावायचो. ती उष्णतेने काळी पडायची, अ‍ॅडॅप्टरवरची तर महिन्यात वाचता येईनात. ही टेप पूर्ण पावसाळा टिकली. मात्र पॅच कॉर्डला, म्हणजे नेटवर्कच्या छोट्या केबलला, गोल गुंडाळली की कडा उचकटते. तिथे झेंड्यासारखी दुमडून लावा, आणि दोन्ही टोकांना लावा. क्यूआरमध्ये लांबलचक लिंक कोंबू नका. १२ मिलिमीटरच्या टेपवर ठिपके इतके बारीक होतात की फोन वाचत नाही. नुसता नंबर द्या.

आता माझी स्वतःची चूक. मी लेबलांवर हौसेने 'महापे-दुसरा मजला-अकाउंट्स-०७' अशी संक्षिप्त वंशावळ छापली होती. दिवाळीनंतर अकाउंट्स तिसऱ्या मजल्यावर गेलं आणि ४६ लेबलं एका शनिवारी खोटी ठरली. आधी वाटलं, टेप खाते म्हणून मशीनच वाईट. पण ही तीन मीटर टेप मीच खाल्ली. कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर इंटरनेटवाल्यांचा एक दस्तऐवज आहे, आरएफसी ११७८. त्यात १९९० सालीच लिहून ठेवलंय की कॉम्प्युटरला त्याच्या प्रोजेक्टवरून नाव देऊ नका. घर बदललं म्हणून पोराचं नाव कुणी बदलत नाही (पूर्वी सुनांचं बदलायचे, ती गोष्ट वेगळी). आता लेबलावर फक्त चालू क्रमांक: ००१४७. मजला, खातं, कोणाकडे आहे, सिरियल नंबर, हे सगळं रजिस्टरमध्ये. वस्तू भंगारात गेली तरी तो क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही, नाहीतर जुन्या तक्रारी नव्या प्रिंटरच्या नावावर चढतात.

काल सर्व्हिस सेंटरचा फोन आला, कटर बदलायचे साडेनऊशे. त्या पैशात कॅसेट आणली, वर अडीचशे उरले.